फाइल यायच्या आधी आलेल्या ओळी

इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे. बहुतेक अनुभवांच्या खाली "हे असं झालं असेल, ते तसं झालं असेल" म्हणून शहाणपणा करणारी जी एक बाई असते ना, ती मी. कुणाला रस्त्यात पांढरी साडी दिसली की मी विचारणार, गाडीचा हेडलाइट कोणत्या बाजूने पडला होता? कुणाच्या घरात ठकठक वाजलं की मी विचारणार, पाण्याची पाइपलाइन तपासली का? त्यामुळे आज मीच अनुभव लिहायला बसले आहे याचं मलाच हसू येतंय. जुने वाचक तर पोट धरून हसतील. हसा... तेवढा हक्क आहे तुमचा.

मी मेहकरला राहते आणि पुण्याच्या एका कंपनीचं डेटाबेसचं काम घरून करते. जानेफळच्या अलीकडे, रस्त्यापासून जरा आत माझ्या भावाचं शेत आहे. दादा नोकरीमुळे बाहेरगावी असतो, शेत सगळं मंगलावहिनी बघतात. त्यांनी शेडनेट टाकलंय — लोखंडी पाइपांचा सांगाडा आणि त्यावर चहूबाजूंनी हिरवी जाळी — आणि त्यात काकडीचं बियाणं घेतात. खायची काकडी नव्हे, बियाण्याची. देऊळगाव राजाकडे हे काम पुष्कळ चालतं, आता आमच्याकडेही आलंय.

हे काम म्हणजे नुसती चिकाटी. उद्या उमलणारी मादी कळी आज दुपारीच ओळखायची आणि तिला कागदाची टोपी घालायची. सकाळी टोपी काढून नराचं फूल टेकवायचं, पुन्हा टोपी, आणि खूण म्हणून देठाला रंगीत दोरा. टोपी राहिली आणि एखादी मधमाशी भलत्याच काकडीचे पराग घेऊन त्या फुलावर बसली, की बियाणं बिघडलं. म्हणून शेडनेटला एकामागे एक दोन दारं असतात. एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, आणि एका वेळी एकीनंच जायचं. वहिनींचा या बाबतीत एवढा दरारा आहे की एकदा बियाणं कंपनीच्या साहेबालासुद्धा त्यांनी दोन दारांच्या मध्ये उभं करून ठेवलं होतं. बायका आत जाताना चपला आणि मोबाइल बाहेर बादलीत ठेवतात. म्हणजे एकदा दुपारचं काम सुरू झालं की संध्याकाळपर्यंत त्यांच्याशी जगाचा संबंध नाही.

बियाणं कंपनीने आत एक डबी बसवली होती. दर थोड्या वेळाने ती आतलं तापमान, दमटपणा आणि मधल्या वेळात दार किती वेळा उघडलं हे एका छोट्या फाइलीत लिहायची आणि फाइल क्लाउडवरच्या फोल्डरमध्ये पाठवायची. वहिनी म्हणायच्या, "मी खोकलली तरी पुण्याले कळून राह्यलं." त्यांना ते आकडे मराठीत, एका नजरेत दिसावेत म्हणून मी हौसेने माझ्या डेटाबेसमधून सोय करून दिली होती.

आता थोडं तांत्रिक, पण सोपं आहे, सोडून जाऊ नका. नेहमी आपण फाइलींमधला डेटा उचलून डेटाबेसच्या टेबलात भरतो. मी तसं केलं नव्हतं. मी एक बाहेरचं टेबल बनवलं होतं. असं टेबल स्वतः रिकामं असतं. आपण प्रश्न विचारला — म्हणजे क्वेरी चालवली — की डेटाबेस त्याच क्षणी क्लाउडच्या फोल्डरमध्ये डोकावतो, तिथे ज्या फाइली असतील त्या वाचतो आणि ओळी करून आपल्यासमोर मांडतो. खिडकीतून अंगणात बघण्यासारखं. अंगणात जे आहे ते दिसेल, नाही ते दिसणार नाही. हे एवढं लक्षात ठेवा, कारण सगळं घोडं इथेच अडलंय.

होळी होऊन गेली होती. उन्हं तापायला लागलेली. दुपारी माझी मीटिंग लवकर संपली आणि सहज, म्हणजे अगदी चाळा म्हणून, मी वहिनींच्या शेडनेटची क्वेरी चालवली. सगळ्यात नवी ओळ सगळ्यात वर, अशी. वरची ओळ बघितली आणि घड्याळाकडे बघितलं. ओळीतली वेळ घड्याळाच्या तासाभराहून जास्त पुढे होती.

मी अजिबात दचकले नाही. आमच्या धंद्यात हे रोजचं दुखणं आहे. मशीनचं घड्याळ परदेशी वेळेवर चालतं, आपण साडेपाच तास पुढे, आणि त्यात कुणीतरी कुठेतरी गोंधळ घालतो. पण तसा गोंधळ असता तर सगळ्याच ओळी सरकल्या असत्या. सकाळपासून आतापर्यंतच्या ओळी तर चोख होत्या. बायका दुपारच्या कामाला आत गेल्या तेव्हाचं दार उघडणंसुद्धा बरोबर वेळेवर होतं. त्यांच्या पुढे, आत्ता या क्षणाच्या पुढे, या जादा ओळी लागलेल्या होत्या.

मग मी फोल्डरच उघडून बघितला. शेवटची फाइल आत्ताची. पुढची एकही नाही. परत क्वेरी चालवली... ओळी तशाच. अंगणात काही नाही आणि खिडकीतून दिसतंय! कालचा डेटा असेल म्हणून कालचे आकडे काढले, जुळले नाहीत. परवाचेही नाहीत.

माझा पुण्यातला सहकारी निखिल आहे, त्याला मी स्क्रीनचा फोटो पाठवला.

"अगं, कॅश असेल," त्याने लिहिलं. "जुनं काहीतरी साठवून ठेवलं असेल सर्व्हरने."

"जुनं साठवेल. पुढचं कसं साठवेल?"

"मग कुणीतरी टेस्टिंगचा डेटा टाकला असेल."

"कुठे टाकला? फोल्डरमध्ये नाहीये."

"परत चालव."

तिसऱ्यांदा चालवली. जादा ओळी गेलेल्या होत्या. सगळं कसं शहाण्यासारखं, आत्तापर्यंतचं. आता जे काही होतं ते फक्त त्या फोटोत.

मी फोटो मोठा करून वाचायला लागले आणि तेव्हा कुठे आकड्यांकडे नीट लक्ष गेलं. तापमान चाळिशीला टेकलेलं, आणि मग एकाएकी एवढं खाली आलेलं की आमच्याकडे मार्च-एप्रिलच्या दुपारी तसं फक्त एकाच कारणाने होतं, वादळी गारांनी. दमटपणा भसकन वर. आणि त्याच्यापुढे ओळच नाही. डबीला आतले सेल आहेत, लाइट गेली म्हणून ती बंद पडत नाही. बंद पडायची तर ती फुटायला हवी. आणि दाराच्या रकान्यात... बायका आत गेल्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत नुसती शून्यं. दार एकदाही उघडलं नव्हतं.

वहिनींना फोन लावला. उचलणार कोण? बादली? शेजारच्या शेतातल्यांचा नंबर माझ्याकडे नव्हता. दादाला लावला, तर तो कामात, आणि त्याला सांगणार तरी काय!

मी स्कूटी काढली. आता इथे "मला आतून काहीतरी जाणवलं" असं लिहिलं तर शोभून दिसेल, पण तसं काही झालं नाही. मला कुतूहल होतं. डबी उघडून तिचं घड्याळ बघायचं, तिच्यात कुणी काही भरलंय का ते बघायचं, हे माझ्या डोक्यात होतं. भीती फार तर चिमूटभर. रस्त्याने आभाळ कोरं करकरीत, पान हलत नव्हतं, आणि मी स्वतःशीच म्हणत होते की बाई, कंपनीत कुणाला कळलं ना, तर जन्मभर चिडवतील.

शेतात पोचले. दोन्ही दारं बंद. बाहेर चपलांची ओळ, शेजारी मोबाइलची बादली. त्यातला एक मोबाइल वाजत होता. जाळीतून आतल्या बायका हिरव्या-हिरव्या दिसत होत्या, वाकून कळ्या शोधत होत्या, कोणीतरी हसत होती.

मी पहिलं दार उघडलं, लावलं, दुसरं उघडलं.

"काऊन वो ताई!" वहिनी आनंदल्या. "आज इकडं कशा काय? हापिसाले सुट्टी हाय का?"

"वहिनी, सगळ्याजणी बाहेर या. आत्ता."

"काऊन?"

काय सांगू? माझ्या टेबलात तासाभरानंतरच्या ओळी आल्या म्हणून? मी म्हटलं, वादळ येणार आहे.

वहिनींनी जाळीतून वर बघितलं. बाकीच्यांनीही बघितलं. शांताकाकू म्हणून सगळ्यात जुन्या बाई आहेत, त्या म्हणाल्या, "वादळ? अवो, वाऱ्याची झुळूक येईन तर बरं होईन. जीव चालला गरमीनं."

"मोबाइलवर दाखवलं का?" वहिनी म्हणाल्या. "ते तं रोजच दाखवते. ताई, अर्ध्या टोप्या राह्यल्या माह्या. आज राह्यली ते कळी उद्या कामातून गेली. दीड महिना झाला या पोरी कंबर मोडून राह्यल्या, आता काम आखरीले आलं अन् तुम्ही म्हणता भाईर या?"

त्यांचं काहीच चुकत नव्हतं. त्या जागी मी असते तर मीही नसते आले. वर उलट विचारलं असतं, वादळ कोणत्या दिशेने येणार ते तरी सांग.

मग मी खोटं बोलले. डबीकडे बोट दाखवलं आणि ओरडले, "वहिनी, या डबीतून पाइपांना करंट उतरून राह्यला! मले घरी कॉम्प्युटरवर दिसलं!"

करंट हा शब्द पुरला. सगळ्या पाइपांपासून हात काढून उभ्या राहिल्या. "अवो माय!" करत दाराकडे पळाल्या, आणि तिथे पुन्हा वहिनी! त्याही घाबरल्या होत्या, पण दाराशी उभ्या राहून ओरडत होत्या, "एकेक! एकेकीनं निघा! भाईरचं लागल्याबिगर आतलं उघडू नका, माशी शिरन!" जीव जायची वेळ आली तरी माशी शिरता कामा नये. मी दात-ओठ खात एकेकीला जाताना बघत होते. दार उघड, लाव, उघड, लाव. सगळ्यात शेवटी मी.

जवळच पाण्याच्या मोटारीची विटांची खोली आहे, सगळ्या तिच्या सावलीला थांबल्या. मी आत फ्यूजपाशी उगाच खुडबुड करत राहिले. वहिनी दर थोड्या वेळाने विचारत होत्या, "झालं का वो?" आणि मी म्हणत होते, "हो, होतच आलं." वादळ आलं नाही तर वहिनींना तोंड कसं दाखवू ही एक काळजी, आणि आलं तर... ती दुसरी. शेवटी वहिनींचा धीर सुटला. "ताई, मेन बंद करा अन् द्या सोडून. कळ्या थांबत नाहीत," म्हणत त्या निघाल्यासुद्धा. मी त्यांचा दंड धरला. अक्षरशः धरून ठेवला. त्यांनी माझ्याकडे जे बघितलं ते मला अजून आठवतं. घरच्या माणसाचं डोकं फिरलं की आपण असं बघतो.

मग आवाज आला. लांबून भरलेला ट्रॅक्टर यावा तसा. पश्चिमेकडून मातीची भिंत उठलेली दिसली आणि बघता बघता ती आमच्यावर होती. सगळ्या खोलीत शिरलो, दार आतून पाठीने दाबून धरलं. बाहेर जाळी फाटल्याचा आवाज, मग लोखंड वाकल्याचा. तो आवाज तुम्ही ऐकला नसेल तर बरंच आहे. मग गारा, मग थोडा पाऊस, आणि मग एकदम शांत.

बाहेर येऊन बघितलं तर शेडनेट उभं नव्हतं. सगळा सांगाडा एका अंगावर झोपला होता. ज्या ओळीत शांताकाकू थोड्या वेळापूर्वी बसल्या होत्या तिथे आडवा पाइप जमिनीत घुसला होता. शांताकाकू नुसत्या त्या पाइपाकडे बघत होत्या. वहिनी चिखलात गेल्या, एक तुटलेला वेल उचलला, त्याला लटकलेले रंगीत दोरे बघितले, आणि रडल्या. हंगाम गेला होता. सगळ्याजणी धडधाकट होत्या, पण हंगाम गेला होता, आणि त्या दोन गोष्टी एकाच वेळी सांभाळणं काही सोपं नसतं.

संध्याकाळी घरी येऊन मी क्वेरी चालवली. आता ओळी होत्या, रीतसर, फोल्डरमधल्या खऱ्या फाइलींतून आलेल्या. डबीने चेंगरायच्या आधी शेवटची फाइल पाठवली होती. मी दुपारचा फोटो उघडला आणि एकेक आकडा ताडून बघितला. तापमान तेच, दमटपणा तोच, पॉइंटनंतरच्या आकड्यासकट. शेवटची ओळ त्याच वेळेला. फरक फक्त दाराच्या रकान्यात. फोटोत तिथे शून्य होतं. खऱ्या फाइलीत माझं आत जाणं होतं, आणि नंतर जितक्या आम्ही बाहेर पडलो तितक्या वेळा दार उघडल्याची नोंद.

पुढचा आठवडा मी आणि निखिलने दुसरं काही केलं नाही. क्लाउडचे लॉग काढले, तसली फाइल त्या वेळी कुणी ठेवली नव्हती, ठेवून काढलीही नव्हती. जुन्या आवृत्त्या तपासल्या. बियाणं कंपनीला विचारलं, अंदाज बांधणारा काही प्रोग्राम जोडलाय का? नाही. डेटाबेसच्या लॉगमध्ये माझ्या तिन्ही क्वेरी दिसतात, पण किती ओळी परत आल्या ते लिहायची सेटिंग बंद होती. का, तर लॉग फार फुगतो म्हणून मीच बंद केली होती! निखिल तर इतका पेटला होता की म्हणाला, यावर आपण एक लेख लिहू. आणि खरं सांगते, मला मजा येत होती. एवढं सुंदर कोडं आयुष्यात पुन्हा कधी हाती लागणार?

रविवारी मी शेतावर गेले, पाइप सोडवायला मदत म्हणून. काम झाल्यावर वहिनींनी चहा टाकला. कप हातात देता देता म्हणाल्या, "ताई, एक इचारू? त्या डबीचे सेल मीच बदलवते. तिले लाइटचं वायरच नाही. मंग करंट कुठून आला होता?"

मला लपवता आलं नाही. सगळं सांगितलं. फोटो दाखवला, खरे आकडे दाखवले, आणि बोलता बोलता माझा उत्साह वाढत गेला. बघा वहिनी, हे जुळतं, हेही जुळतं, पॉइंटपर्यंत जुळतं, फक्त हा एक रकाना...

वहिनींनी मोबाइल माझ्या हातातून घेतला. शून्यांवरून बोट फिरवत खालपर्यंत गेल्या.

"म्हंजे याच्यात आपुन निघालोच नाही," त्या म्हणाल्या.

"हो. नाही निघालो."

"तुम्ही नोत्या याच्यात. मी होती, शांताकाकू होती, सुनीता होती. तिचं लेकरू अजून अंगावर पेते." त्यांनी मान वर केली. "अन् तुम्ही हे घेऊन हिंडून राह्यल्या आठ दिवसांपासून?"

खरंच, मी हिंडत होते. आठवडाभर मी ज्याच्याकडे कोडं म्हणून बघत होते त्यात माझी वहिनी मेलेली होती. हे मला त्यांनी म्हणेपर्यंत सुचलंच नव्हतं. मला फार लाज वाटली, कप तसाच खाली ठेवला.

"मिटवा ते," वहिनी म्हणाल्या. रागाने नाही, एखाद्या लहान मुलाला सांगावं तशा. "माह्यासमोर मिटवा. त्या पोरालेही सांगा पुण्याच्या."

मी म्हटलं, वहिनी, एवढा एकच पुरावा आहे. त्यांनी नुसता मोबाइल माझ्यापुढे धरला.

मी फोटो डिलीट केला. निखिलला तिथूनच फोन लावला. तो खूप भांडला, अगं वेडी आहेस का म्हणाला, मग त्यानेही केला. वहिनींनी सुस्कारा सोडला आणि माझ्या कपातला गार झालेला चहा ओतून दुसरा दिला.

शेडनेट पुन्हा उभं राहिलंय, नवी डबी लागली आहे, आणि मी रोज क्वेरी चालवते. वेळेच्या पुढची ओळ पुन्हा कधीच आली नाही. त्या दुपारी डेटाबेस कोणत्या फोल्डरमध्ये डोकावून आला, ते मला आजही सांगता येत नाही. तुम्हाला काही सुचत असेल तर खाली जरूर लिहा, मी प्रत्येक शंकेला उत्तर देईन, कितीही तिरकी असली तरी. फक्त फोटो मागू नका. त्यातल्या बायका आता रोज दुपारी टोप्या घालायला जातात आणि संध्याकाळी एकेक करून बाहेर येतात.